पायरीवरचा चेहरा

॥ श्री ॥
मलिंगार, २७ जुलै २०२०

वन्सं, नमस्कार.

तुमचं पार्सल आज टपालवाल्याने दारात ठेवलं. आलेलं सामान असं: चांदीचा पेला एक, काठ चेपलेला. जोडव्यांचे जोड दोन. निरांजन एक, मोडकं. चांदी मिळून एकशे अठरा ग्रॅम. तुमच्या पूर्णिमाच्या हातची शेंगदाण्याची चटणी, पिशवीभर. शैलेंद्ररावांचा फोटो एक, बाजूने काढलेला. खोक्यावर तिकिटं साडेनऊ युरोंची, म्हणजे आपले आठशेच्या वर. एवढ्यात फलटणला पंधरा दिवसांचं दूध होतं. पण देवाचं काम आहे, बोलू नये.

फोन सोडून पत्र कशाला म्हणाल. तर फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी मोठ्याने बोलले की मुक्ता जिन्यावरून ओरडते, "आजी, कुणाशी फाइट चाललीये?" दहा वर्षांची नात, पण कान पोलिसाचे.

दोघी नणंदा-भावजया दोन महिन्यांसाठी म्हणून मुलांकडे परदेशी आलो, विमानं बंद झाली आणि सहावा महिना लागला. तुमचे धाकटे बंधू फलटणला एकटे पिठलं-भात करून खातात आणि रोज फोनवर चव सांगतात. गणपतीसुद्धा यंदा भारतातून येत नाहीत, म्हणून इथल्या मंडळाचे अध्यक्ष असलेल्या तुमच्या जावयांनी, शैलेंद्ररावांनी, मूर्तीचं काम आमच्या सुनेच्या, वैदेहीच्या, गळ्यात घातलं. तिलाही हौस आहे. दातांच्या कवळ्या करायच्या प्रयोगशाळेत नोकरी, त्यामुळे चांदी वितळवणं तिला नवं नाही. मंडळाच्या अकरा घरांतून जुन्या चांदीची मोड आली आहे. मुकुट, सोंडपट्टी, हात, पाय सगळं व्हायचं आहे. मी एवढंच सांगितलं, सगळे दागिने उतरवता येतील असे कर. विसर्जनाआधी काढावे लागतात.

देव मातीचा, तो विरघळणार. खालची पायरी मात्र भट्टीत भाजून पक्की केली आहे, दर वर्षी वापरायला. तिच्यावर बोटभर उंचीची माणसं हात जोडून बसली आहेत. नर्स आहे, बसवाला आहे, दुकानात माल लावणारी आहे. या साथीत ज्यांनी घरी बसायचं नाव काढलं नाही ती. देवाजवळ माणसं कशाला, असं मला आधी वाटलं होतं. मग आठवलं, आपल्याकडे देऊळ बांधणारा आपलं नाव पायरीवर कोरून घेतो. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांची धूळ त्यावर पडावी म्हणून.

फोटो कशासाठी ते तुमच्या चिठ्ठीत नाही. वैदेही म्हणाली, "मला माहितीये आई, जीजूंचा फोन आला होता." मग मी पुढे विचारलं नाही. फोनवरून फुकट आला असता, तो कागदावर छापून का पाठवला देव जाणे. वहीत मात्र लिहिला. आला तो जिन्नस तारखेनिशी चढवायचा, ही तुमच्याच आईची शिस्त.

सुरेखा


कासलबार, २८ ऑगस्ट २०२०

प्रिय सुरेखा,

गणपती सुरेख झालाय. वैदेहीचे हात सोन्याचे, हे मी इथे चार जणींना फोन करून सांगितलं. त्या झूमवर पहिल्या दिवशी आधी देवाचं पाऊल दिसलं आणि पावलाखाली ही मोठमोठी माणसं. आमचे जावई तर हुबेहूब उतरलेत. ते नाक बघून पूर्णिमाला हसू आवरेना, आणि शैलेंद्र नुसते मिशीत. मी त्यांना म्हटलंसुद्धा, एवढा मान तुमच्या सासऱ्यांना हयातीत मिळाला नाही.

पण एक कानावर घालते. नास गावचे पुरुषोत्तम, मंडळाचे खजिनदार, त्यांनी ग्रुपवर टाकलंय की चांदी पाठवली तेवढी अंगावर दिसत नाही. कुणाचं नाव घेतलेलं नाही, पण चांदी होती एकीच्याच हातात. माझा पेला चांगला जाडजूड होता, हेही खरंच. शैलेंद्रना मी विचारलं, तुम्ही का नाही बोलत? ते म्हणाले, "अध्यक्षाने नातेवाइकाची बाजू घेतली असं नको दिसायला. होऊ दे चौकशी."

पुरुषोत्तमांना पुढच्या वर्षी अध्यक्ष व्हायचंय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस. वैदेहीला दुधात हळद दे, आवाज बसलाय तिचा.

पद्मिनी


॥ श्री ॥
मलिंगार, ३ सप्टेंबर २०२०

वन्सं,

तुमचा पेला जाडजूड होता की पातळ, ते आता तुम्हीच सांगा. परवा विसर्जनाला सगळं मंडळ झूमवर होतं, तुम्हीही होता. आरती झाली, देवाला हलवलं, आणि मी वैदेहीला म्हटलं, आता एकेक दागिना उतरव आणि सगळ्यांदेखत काट्यावर ठेव. माझा पिठाचा काटा. आलेली चांदी सहाशे चाळीस ग्रॅम. दागिने सहाशे सहा. कापलेले तुकडे आणि कीस बाटलीत, सत्तावीस. आगीत गेली सात. कुठल्याही सोनाराला विचारा, सातात भागवणारा भेटला तर मला पत्ता कळवा.

बेरीज वाचून दाखवली. बेचाळीस चौकोनांतलं एक तोंड उघडेल तर शपथ. पुरुषोत्तम म्हणाले, "चला, बरं झालं, क्लिअर झालं." झालं! पाच दिवस पोर जेवली नाही, आणि ह्यांचं क्लिअर झालं. चोर म्हणताना माणसाला शब्द सापडतात, चुकलो म्हणताना बरे सापडत नाहीत. आणि तुमचे अध्यक्ष? त्यांचा आवाज म्हणे म्यूटवर होता.

मुक्ताची शाळा सुरू झाली. तिला ग्रीक लोकांवर प्रकल्प दिलाय, रोज संध्याकाळी मला वाचून समजावते. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्स गावात अथीना देवीची चार मजली उंच मूर्ती केली. अंग हस्तिदंती, वस्त्रं सोन्याची. करणारा फिडियास. करवून घेणारा पेरिक्लीस, तो त्या गावचा पुढारी. देवळाचा जमाखर्च दगडावर कोरून सगळ्यांना वाचता येईल असा लावला होता. मी म्हटलं, वा, हे माझं गाव. तर पुढे काय, त्यांनीही मूर्तिकारावर सोनं चोरल्याचा आळ घेतला! पेरिक्लीसला हात लावायची छाती नव्हती, मग त्याच्या माणसाला धरलं. तक्रार करणारा त्याच्याच हाताखालचा कारागीर, नाव मेनन. (आपल्या बँकेतले नव्हेत.) पण सोनं पत्र्यांनी लावलेलं, उतरवता येईल असं. हजार किलोच्या वरचं सोनं उतरवलं, तोललं, पुरेपूर भरलं.

मी मुक्ताला म्हटलं, बघ, सुटला. ती म्हणते, "वेट आजी, अजून पान आहे." उद्या वाचणार आहोत.

सुरेखा


कासलबार, २२ सप्टेंबर २०२०

सुरेखा,

रागावू नकोस, आधी शेवटपर्यंत वाच.

आता दुसरंच निघालंय. पुरुषोत्तमांनी त्या पहिल्या दिवशीच्या झूमचं चित्र ग्रुपवर टाकलं. देवाचं पाऊल एवढंसं आणि त्यापुढे शैलेंद्रचं तोंड एवढं. खाली लिहिलंय, "मंडळाचं दैवत कोण?" सतरा जणांनी अंगठे दिले. देवाच्या पायाशी जिवंत माणसाचा पुतळा बसवणं हा विटाळ आहे, असं म्हणतात. शैलेंद्रना खुलासा द्यावाच लागला. त्यांनी लिहिलं की मूर्ती कशी असावी ते कलाकारावर सोपवलं होतं, चेहऱ्याची त्यांना कल्पना नव्हती, वैदेहीने परस्पर केलं, त्यांनाही धक्काच बसला.

दसऱ्याला झूमवर सभा आहे. त्याआधी वैदेहीने दोन ओळींची माफी लिहून द्यायची, मसुदा शैलेंद्रनीच टाइप करून पाठवलाय. नुसती सही. नाहीतर तिचं नाव मंडळातून कमी आणि पायरी फोडायची, असं ठरतंय. तशी सही केलीन तरी पायरी ठेवतील की नाही, सांगता येत नाही.

वयाने लहान आहे ती, वाकली तर काय बिघडतं? इकडे कारखान्यात शैलेंद्रच्या बढतीचं चाललंय, मंडळात चिखलफेक नको म्हणतात. मी परवाच त्यांना अधिकाचं वाण दिलं, तेहतीस अनारसे. एकही विरला नाही.

पद्मिनी


॥ श्री ॥
मलिंगार, २८ सप्टेंबर २०२०

वन्सं,

शेवटपर्यंत वाचलं. दोनदा वाचलं. रागावले आहे.

आधी माझी चूक माझ्या पदरात घेते. झूमचा फोन मी ठेवला होता. आमचा रोहित तो उंच तिकाटण्यावर, तीन पायांच्या स्टँडवर, लावत होता. मी म्हटलं, देवाचं दर्शन चरणांपासून घ्यायचं असतं, आणि तांदळाच्या डब्याला टेकवून खाली जमिनीवर ठेवला. म्हणून बोटभर माणसं देवाएवढी दिसली. घरात पाहिलंत तर ती पायरी ढोपराखाली आहे, चेहरे शोधायला वाकावं लागतं. हे मी ग्रुपवर मराठीत लिहिलं, आयुष्यात पहिल्यांदा. तिघांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. पुरुषोत्तम म्हणाले, "काकू, पण चेहरा तर आहेच ना?"

आहे. आणि तो तिथे कसा आला ते माझ्या वहीत आहे. सत्तावीस जुलै, शैलेंद्ररावांचा फोटो एक, बाजूने काढलेला, वन्संच्या पार्सलातून. मी अडाणी त्या दिवशी विचार करत होते, फोनवरून फुकट आला असता. आता कळलं. फोनमध्ये खूण राहते. कागदाची खूण राहत नाही असं त्यांना वाटलं, कारण सुरेखामामी वही ठेवते हे त्यांच्या लक्षात नाही आलं. वैदेही सांगते, फोनवर त्यांचे शब्द होते, "अगं, अध्यक्ष पण राबलाच की यंदा, मला घे ना त्यांच्यात. सरप्राइज असू दे." तिने घेतलं. नर्सच्या शेजारी, त्याच मापाचं. आणि "नुसते मिशीत" हसले असं तुम्हीच लिहिलंत. धक्का बसलेला माणूस मिशीत हसतो का हो?

मुक्ताचं राहिलेलं पान ऐका. सोनं पुरं भरलं म्हणून ते अथेन्सचे लोक थांबले नाहीत. देवीच्या ढालीवर लढाई कोरली होती. त्यात एक टकल्या म्हातारा दोन्ही हातांनी दगड उचलताना दाखवलेला, तो म्हणे फिडियास स्वतः. आणि एक भाला उगारलेला योद्धा, हात तोंडावर आडवा, तरी ओळखू येणारा, तो म्हणे पेरिक्लीस. देवीचा अपमान म्हणून मूर्तिकाराला तुरुंगात घातलं. तिथेच मेला म्हणतात. कुणी म्हणतं, दुसऱ्या गावी पळाला. आळ घेणाऱ्या मेननला करमाफी मिळाली. मी मुक्ताला विचारलं, आणि तो पेरिक्लीस? त्याने काय केलं? तिने पान मागे-पुढे केलं. म्हणाली, "इथे काही लिहिलं नाहीये, आजी." मग पुस्तक मिटून म्हणाली, "मम्मीचं पण असंच होणारे का?"

काय सांगू तिला? देऊळ बांधताना पुढाऱ्याला कलाकार हवा असतो. फोटोत शेजारी उभा राहतो. मान मिळाला तर दोघांचा, शिव्या आल्या तर परस्पर केलं!

वैदेही कामावरून येते आणि सरळ झोपते. मातीची पिशवी शेडमध्ये वाळून दगड झाली आहे. काल जेवणानंतर तो टाइप केलेला कागद तिने पुढे ओढला, पेन उघडलं. रोहित म्हणतो, "सोड ना आई, घरातलं प्रकरण आहे, सही केली की संपलं." मी पेन काढून घेतलं. केलं नाही त्याची माफी मागितली की ते केलं असं ठरतं.

तुम्ही मंडळाला एवढंच लिहा की फोटो त्यांनी तुमच्या हातात दिला. माझी वही सुनेच्या सासूची वही, ती कोण मानणार? तुमचा शब्द सासूचा आहे, त्यांच्याच.

सुरेखा


कासलबार, ९ ऑक्टोबर २०२०

सुरेखा,

फोटो त्यांनीच दिला. पाकिटात घालून. म्हणाले, "आई, चांदीबरोबर टाका, कुणाला सांगू नका, गंमत आहे." मीही हरखले होते. देवाच्या पायाशी आपला जावई. खोटं कशाला बोलू.

पण लिहून कसं देऊ? मी त्यांच्या घरात राहते. औषधं त्यांच्या पैशांनी येतात. विमानात जागा मिळेल तेव्हा मिळेल, तोवर याच टेबलावर त्यांच्यासमोर जेवायचं आहे. पूर्णिमा काल माझ्याकडे नुसतं बघत होती. तिला सगळं माहीत आहे गं, तिच्या मोबाइलवरच तो फोटो काढलाय.

आणि अधिक महिना चालू आहे. या महिन्यात जावई नारायण. त्याचे पाय धुतलेत मी, वाण दिलंय. त्याच महिन्यात त्याच्याविरुद्ध अक्षर लिहिलं तर ते दान कुठे जाईल? तू देवधर्माची आहेस, तूच सांग.

साथीमुळे आता काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, हद्दसुद्धा ओलांडता येत नाही. नाहीतर येऊन तुझ्यापुढे रडले असते.

पद्मिनी


॥ श्री ॥
मलिंगार, १७ ऑक्टोबर २०२०, घटस्थापना

वन्सं, नमस्कार.

सकाळी घट बसवला. इथल्या मातीत गहू पेरले आहेत, उगवतील तसे उगवतील.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. अधिक महिना काल संपला. नारायण नारायणाच्या जागी गेले, तुमच्या घरी शैलेंद्रराव उरले. तुमचं दान कुठे जात नाही, तेहतीसच्या तेहतीस पोचले. पण नवरात्र लागलं आहे, आणि नवरात्रात घरच्या लेकीसुनेला खोटं पाडून देवीपुढे दिवा लावायचा, हे माझ्याने होणार नाही. तुमच्याने होईल का, ते समईपुढे बसून बघा.

तुम्हाला भीती वाटते ती खोटी नाही. परक्या घरात जीव मुठीत धरून राहणं मीही केलंय, तुमच्याच आईच्या घरात, पहिली दोन वर्षं. तेव्हा तुम्ही माहेरपणाला आलात की माझ्या बाजूने एक शब्द बोलायचात. एकच बोलायचात, पण बोलायचात. दुधाची साय मी खाल्ली नाही, मांजराने खाल्ली, हे तुम्ही सासूबाईंना सांगितलं होतंत. मांजर तुमचं लाडकं होतं, तरी सांगितलंत. अडतीस वर्षं झाली, मी विसरले नाही.

रोहितशी बोलले आहे. हद्द उघडली की त्या दिवशी तो गाडी घेऊन येईल. मुक्ताच्या खोलीत दुसरा पलंग लावला आहे, औषधांची नावं कळवा, इथल्या दुकानात विचारून ठेवते. तुमच्या भावाच्या मुलाचं घर आहे. इथे कुणासमोर मान खाली घालून जेवायचं कारण नाही. पूर्णिमाला माझा आशीर्वाद सांगा. तिला काही लिहायला लावू नका, तिला तिथेच नांदायचंय.

वैदेहीने सही केलेली नाही. तो कागद मी प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात), वरच्या फळीवर, तांदळाच्या डब्याखाली ठेवला आहे. कालपासून तिने मातीच्या पिशवीवर ओलं फडकं टाकलंय.

मुक्ताचा प्रकल्प झाला. बाईंनी शेवटी प्रश्न लिहायला सांगितला होता, तिने लिहिलंय, पेरिक्लीसच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं का? मी त्यावर बराच विचार केला, वन्सं. असणारच कुणीतरी. स्वयंपाकघरात, मागीलदारी, एखादी वयस्क बाई, जिने ती ढाल तयार होताना त्याचा चेहरा फुललेला पाहिला असेल. अख्ख्या गावाचा जमाखर्च दगडावर होता, पण तिची एक ओळ कुठे नाही. तिला लिहिता येत नसेल. तुम्ही सातवी पास आहात.

सोबत एक कार्ड घातलं आहे. एप्रिलमध्ये पोस्टाने घरोघरी फुकट वाटली होती त्यातलं, मी जपून ठेवलं होतं. तिकीट लागत नाही. पत्ता मंडळाच्या चिटणिसांचा, माझ्या हाताने घातला आहे. मागची बाजू कोरी आहे. "फोटो मला शैलेंद्ररावांनी दिला, मी पाठवला" एवढं बसतं, खाली सही आणि तारीख. रागाचा एक शब्द लिहू नका, त्यांना नावं ठेवू नका. जे झालं तेवढं.

सभा पुढच्या रविवारी, दसऱ्याला, दुपारी तीन वाजता आहे. तुमच्या कोपऱ्यावरची पेटी चार वाजता उघडतात असं तुम्हीच एकदा लिहिलं होतंत. आज शनिवार. हे पत्र तुम्हाला मंगळवारी मिळेल. बुधवारी पेटीत टाकलंत तर शुक्रवारी पोचतं.

टाकलंत की नाही, तेवढं मला उलट टपाली कळवा. नसेल टाकायचं तरी कळवा, वन्सं. मुक्ताला काय सांगायचं ते मला ठरवायला हवं.

तुमची,
सुरेखा